चांद्याच्या चिमण्यांची मुदतवाढ

७ डिसेंबर २०१७ हा गुरुवार चंद्रपुरात काहीच न घडता गेला. त्या दिवशी बरंच काही घडायला हवं होतं. बरोबर दोन वर्षांपूर्वी, ७ डिसेंबर २०१५ ला, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं राजपत्रात अधिसूचना काढली होती. देशातल्या कोळशावर चालणाऱ्या प्रत्येक वीज केंद्राच्या चिमणीतून किती राख, किती गंधकाचा वायू, किती नायट्रोजन ऑक्साइड आणि किती पारा बाहेर पडू द्यायचा, याच्या मर्यादा तिच्यात होत्या. जुन्या केंद्रांना तयारीसाठी दोन वर्षं दिली होती. ती दोन वर्षं त्या गुरुवारी भरली.

पुढच्या सोमवारी, ११ तारखेला, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पत्रं निघाली. संच बंद करा, असं त्यांत नव्हतं. कोणत्या संचानं कधीपर्यंत यंत्र बसवायचं याच्या नव्या तारखा होत्या, पार २०२२ पर्यंत पसरलेल्या. शेतसारा भरायला एक दिवस उशीर झाला तर तलाठ्यापुढे हात जोडावे लागतात. इथे मुदत उलटून चार दिवस झाल्यावर सरकारनंच पत्र लिहून नवी मुदत दिली. पुढच्या आठ वर्षांत हाच प्रकार इतक्यांदा झाला, की कायदा कोणता आणि सवलत कोणती हे ओळखू येईना.

चंद्रपूरला जुनी माणसं अजून चांदाच म्हणतात. कागदावर हे नाव १९६४ मध्ये बदललं. गोंड राजांचा परकोट, त्याला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, महाकालीचं देऊळ, बाजूनं झरपट आणि इरई या नद्या. गावाखाली आणि गावाभोवती कोळसा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला खाण उघडली आणि रेल्वे तिथवर आणली ती कोळशासाठीच. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी उभी राहिली, आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा जागच्या जागी जाळून त्याची वीज करावी हा विचार पक्का झाला. कोळसा वाहून नेण्यापेक्षा तारेतून वीज नेणं स्वस्त, हे गणित तेव्हा सगळ्यांनाच पटलेलं होतं.

२६ ऑगस्ट १९८२ ला जिल्ह्याची वाटणी झाली. वैनगंगेपलीकडचं घनदाट अरण्य गडचिरोली जिल्हा झालं आणि कोळसा चांद्याच्या वाट्याला राहिला. (ताडोबाही राहिला, हे विसरून चालत नाही. चंद्रपूर हा जंगलाचा जिल्हा की चिमण्यांचा, या वादाला तिथूनच तोंड फुटतं.) वाटणीला वर्ष होतं न होतं तोच, १९८३ मध्ये, राज्य वीज मंडळाच्या केंद्रातला २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. मग दर वर्षा-दोन वर्षांनी एकेक संच वाढत गेला. १९८६ पर्यंत २१० चे चार झाले, नव्वदीच्या दशकात ५०० मेगावॅटचे तीन आले आणि १९९७ मध्ये केंद्राची क्षमता २,३४० मेगावॅटवर पोचली. पाण्यासाठी इरई नदीवर धरण होतं. वीज नेण्यासाठी चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत, सुमारे साडेसातशे किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची थेट प्रवाहाची वाहिनी नव्वदीच्या अखेरीस टाकली गेली. एकट्या त्या वाहिनीची क्षमता १,५०० मेगावॅट. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले आणि केंद्र महानिर्मितीकडे गेलं. २०१६ मध्ये आणखी दोन संच आले, आठवा आणि नववा, प्रत्येकी ५०० मेगावॅटचे. पहिले दोन म्हातारे संच निवृत्त झाले. आज क्षमता २,९२० मेगावॅट आहे.

हा आकडा पाटीवर शोभतो, पण तो पोटात उतरण्यासाठी साधा हिशेब मांडावा लागतो. सगळे संच पूर्ण क्षमतेनं दिवसभर चालले तर सुमारे सात कोटी युनिट वीज होते. युनिटमागे सातशे ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला एकोणपन्नास हजार टन. आपल्या कोळशात राख शेकडा पस्तीस-चाळीस, म्हणजे रोजची राख सतरा ते वीस हजार टन. गंधक मात्र थोडं, शेकडा अर्ध्याहून कमी. ०.४ धरू. तरी दिवसाला जवळपास दोनशे टन गंधक जळतं, आणि जळताना प्रत्येक टन गंधक हवेतला तितकाच प्राणवायू ओढून दोन टन सल्फर डायऑक्साइड होतं. रोजचे चारशे टनांच्या आसपास. प्रत्यक्षात सगळे संच एका वेळी पूर्ण भारावर क्वचितच चालतात, तेव्हा या आकड्यातून चौथाई-तिहाई कापा. उरतं तेही काही थोडंथोडकं नाही.

या वायूचं काय करायचं, याला २०१५ पर्यंत भारतीय कायद्याकडे एकच उत्तर होतं: चिमणी उंच करा. मराठीत चिमणी म्हणजे पाखरू, आणि चिमणी म्हणजे रॉकेलचा मिणमिणता दिवा. त्या दोन्हींना लाज वाटावी अशी ही तिसरी चिमणी. ५०० मेगावॅटच्या संचाला २७५ मीटर उंचीची आणि २१० च्या संचाला २२० मीटरची, असा नियम होता. राखेसाठी मर्यादा होती, ती पकडायला वीजभारित पत्र्यांची यंत्रं, ज्यांना केंद्रात सगळे ईएसपी म्हणतात, तीही होती. पण गंधकाच्या वायूला बाहेर पडताना कुणी मोजून अडवत नव्हतं. तो वर जायचा, पांगायचा, आणि जमिनीवर यायचा तेव्हा इतका विरळ झालेला असायचा, की मोजमापात तो गुन्हेगार दिसू नये. पांगणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे, ही गोष्ट नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हती असं म्हणता येत नाही. वर गेलेला हा वायू काही तासांत, काही दिवसांत हवेतच सल्फेटचे बारीक कण बनतो आणि ते कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात. चिमणीच्या तोंडाशी जो वायू म्हणून मोजायचा राहिला, तो कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यात धूळ म्हणून मोजला जातो, आणि तिथे त्याचा बाप कोण हे सांगता येत नाही.

२००९ च्या डिसेंबरात केंद्रीय मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. शंभरापैकी जितके जास्त तितका पट्टा वाईट. अंकलेश्वर पहिलं, वापी दुसरं, गाझियाबाद तिसरं आणि ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथं. कोरबा आपल्या मागे. १३ जानेवारी २०१० ला मंत्रालयानं अशा ४३ अतिप्रदूषित पट्ट्यांत नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीवर तात्पुरती बंदी घातली. त्याच उन्हाळ्यात इरई धरणाचं पाणी खाली गेलं आणि पाण्याअभावी वीज केंद्राचे संच बंद ठेवायची पाळी आली. बंदी नव्या अर्जांना होती. आठव्या-नवव्या संचाचं काम चालूच राहिलं.

मग २०१५ ची ती अधिसूचना. तिनं संचांची त्यांच्या वयावरून तीन गटांत वाटणी केली. २००३ च्या अखेरपर्यंतचे म्हातारे, २००४ ते २०१६ मधले मध्यमवयीन आणि १ जानेवारी २०१७ नंतरचे तरुण. म्हाताऱ्यांना सूट जास्त, तरुणांना शिस्त कडक. चंद्रपूरच्या तिसऱ्या ते सातव्या संचाला राखेची मर्यादा घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम. २०१६ मध्ये जन्मलेल्या आठव्या-नवव्याला ५० मिलिग्रॅम. काही महिने उशीर झाला असता तर त्यांना ३० पाळावी लागली असती आणि गंधकाची मर्यादाही निम्मी, २०० ऐवजी १०० झाली असती. बारशाची तारीख नशीब ठरवते असं आपल्याकडे म्हणतात, ते संचांच्या बाबतीत तरी शब्दशः खरं ठरलं. ५०० मेगावॅटच्या सगळ्या संचांना गंधकासाठी २०० मिलिग्रॅम, लहानांना ६००.

गंधक अडवण्याच्या यंत्राला आता सगळेच एफजीडी म्हणतात. कल्पना सोपी आहे. धूर चिमणीत शिरण्याआधी एका उंच टाकीतून न्यायचा आणि वरून चुनखडीच्या दुधाळ पाण्याचा फवारा मारायचा. गंधकाचा वायू चुन्याला धरतो आणि तळाशी जिप्समचा गाळ जमतो. शंभरातलं नव्वदहून जास्त गंधक असं हाती लागतं. ही कालपरवाची जादूही नाही. लंडनमध्ये टेम्सकाठच्या बॅटरसी केंद्रात १९३० च्या दशकात धूर धुवायला सुरुवात झाली होती. चीननं एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात आपल्या बहुतेक कोळसा केंद्रांना ही यंत्रं लावून टाकली.

चंद्रपूरच्या बाबतीत यात एक गंमत आहे आणि ती मला अजून पचलेली नाही. या यंत्राला लागते चुनखडी. राजुरा-कोरपना तालुक्यांच्या पोटात ती इतकी आहे, की गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंटचे मोठे कारखाने तिच्यावरच उभे राहिले. आणि यंत्रातून निघतं जिप्सम, जे सिमेंटला लागतंच. क्लिंकर दळताना शेकडा तीन ते पाच जिप्सम मिसळलं नाही तर सिमेंट पाणी लागताच घट्ट होऊन बसेल. विदर्भात खनिज जिप्सम नाही. म्हणजे एका हातानं चुनखडी द्यायची आणि दुसऱ्या हातानं जिप्सम घ्यायचं, असे शेजारी या केंद्राला लाभले आहेत. देशातल्या किती केंद्रांना अशी सोय असेल? पण मुदतवाढीच्या कागदात असा शेजार मोजला जात नाही.

यंत्राविरुद्ध जे बोललं जात होतं ते सगळं खोटं नव्हतं. मेगावॅटमागे खर्च कोटीच्या घरात जाणारा, आणि तो शेवटी विजेच्या बिलात येणार. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या थोड्या, मागणी एकदम सगळीकडून. जोडणीसाठी संच काही आठवडे बंद ठेवावा लागतो. यंत्र स्वतः वीज खातं आणि पाणीही पितं. ज्या इरईनं २०१० मध्ये हात वर केले तिच्यावर आणखी एक मागणी. या अडचणी घेऊन वीज मंत्रालय वेळोवेळी पर्यावरण मंत्रालयाच्या दारात गेलं आणि दर वेळी काही ना काही घेऊन परतलं.

२०२० च्या ऑक्टोबरात नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २००४ ते २०१६ मधल्या संचांसाठी ३०० वरून ४५० झाली. त्या वेळी तारीख सरकली नाही, मापच सैल झालं. मग ३१ मार्च २०२१ ची अधिसूचना आली आणि तिनं नवी वाटणी केली. आता वयावरून नाही, ठिकाणावरून. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांहून जास्त लोकसंख्येचं शहर दहा किलोमीटरांच्या आत असेल ते केंद्र अ वर्गात, मुदत २०२२ ची अखेर. अतिप्रदूषित पट्टा किंवा हवेचे निकष न गाठलेलं शहर दहा किलोमीटरांच्या आत असेल ते ब वर्गात, २०२३ ची अखेर. बाकी सगळे क वर्गात, २०२४ ची अखेर. चंद्रपूर अतिप्रदूषित पट्टा होताच, शिवाय २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात निकष न गाठलेल्या शहरांच्या यादीतही बसलं होतं. दोन्ही कसोट्यांवर ब वर्ग.

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. जी जागा सरकारच्या स्वतःच्या यादीत देशात चौथी वाईट ठरली, तिला अ वर्ग मिळत नाही. कारण अ वर्ग हवेवरून ठरत नाही, डोक्यांच्या संख्येवरून ठरतो. चंद्रपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वातीन लाखांच्या आतबाहेर. दहा लाख होईपर्यंत आपण दुसऱ्या रांगेत. आणि वैनगंगेपलीकडच्या अहेरी-भामरागडसारख्या भागात, जिथे मैल न् मैल माणूस दिसत नाही, उद्या कुणी केंद्र उभं केलं तर ते या मोजपट्टीवर तिसऱ्या रांगेत बसेल. जंगलाला फुप्फुसं म्हणण्याची आपल्याकडे हौस आहे, पण दहा किलोमीटरांच्या त्या वर्तुळात झाड मोजलं जात नाही.

२०२१ च्या त्या कागदात दंडही होता. मुदत पाळली नाही तर युनिटमागे पाच-दहा पैशांपासून सुरुवात, उशीर वाढेल तसा वीस पैशांपर्यंत. दंड आकारण्यासाठी आधी मुदत संपावी लागते, आणि मुदत संपेल तर शपथ. ५ सप्टेंबर २०२२ ला, अ वर्गाची तारीख चार महिन्यांवर असताना, गंधकासाठीची मुदत दोन-दोन वर्षांनी पुढे गेली: अ साठी २०२४, ब साठी २०२५, क साठी २०२६. मग ३० डिसेंबर २०२४. अ वर्गाची मुदत दुसऱ्या दिवशी, ३१ ला संपणार होती. आदल्या दिवशी अधिसूचना निघाली आणि सगळ्यांना आणखी तीन वर्षं मिळाली. २०१७ मध्ये निदान चार दिवसांचा उशीर झाला होता, या वेळी एक दिवस राखून काम झालं. सरकारी खात्यांना वेळ पाळता येत नाही असं कोण म्हणतं.

चंद्रपूरपुरतं सांगायचं तर तारीख अशी सरकली: २०१७, मग २०२२ पर्यंतचे टप्पे, मग २०२३, मग २०२५, मग २०२८.

राखेचा इतिहास ज्यांना ठाऊक होता त्यांना याचं नवल वाटलं नसावं. केंद्राची राख विटांत, सिमेंटात, रस्त्यांत वापरा, अशी पहिली अधिसूचना १९९९ मध्ये निघाली. तिच्यात २००३, २००९ आणि २०१६ मध्ये दुरुस्त्या झाल्या, २०२१ च्या शेवटच्या दिवशी नवी अधिसूचना आली, आणि शंभर टक्के राख वापरण्याचं वर्ष दर वेळी क्षितिजासारखं पुढे सरकलं.

मुदतवाढीचं हे शास्त्र कोळशापुरतं नाही. अणुवीज केंद्रांत, जिथे चूक परवडतच नाही असं आपण समजतो, तिथेही तेच चालतं. अणुभट्टीभोवतीचं काँक्रीट-पोलादाचं कवच गळतं का, हे बघायला ठरावीक वर्षांनी ते बंद करून आत हवा दाबानं भरतात आणि किती निसटते ते मोजतात. अमेरिकेत पूर्वी ही चाचणी दहा वर्षांत तीनदा व्हायची. १९९५ मध्ये नियम बदलला, ज्यांच्या आधीच्या चाचण्या चांगल्या त्यांना दहा वर्षांतून एकदा पुरेशी ठरली, पुढे ती पंधरा वर्षांपर्यंत गेली. यामागे आकडेमोड होती, आणि ती खुल्या कागदांवर मांडलेली होती. पण ओहायो राज्यात डेव्हिस-बेसी नावाच्या केंद्राची गोष्ट वेगळी. ते एरी सरोवराच्या काठी आहे. (इरई आणि एरी, नावांचं हे साम्य योगायोगाचं, पण लक्षात राहतं.) अशा भट्ट्यांच्या झाकणावरच्या नळ्यांना तडे जात असल्याचं २००१ मध्ये लक्षात आलं. नियामक आयोगानं सांगितलं, ३१ डिसेंबरच्या आत भट्टी थांबवून तपासा. कंपनीनं सवलत मागितली. घासाघीस होऊन १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली. जेमतेम दीड महिना. तपासणी झाली तेव्हा मार्चमध्ये दिसलं, की गळलेल्या बोरिक आम्लानं झाकणाचं सहा इंचांहून जाड पोलाद खाऊन फुटबॉलएवढी पोकळी केली आहे. आत भट्टीचा दाब आणि बाहेर खोली, यांच्यामध्ये उरला होता तो एक सेंटिमीटरहून कमी जाडीचा आतला पत्रा. आयोगाच्याच महानिरीक्षकानं पुढे लिहिलं, की मुदत देण्यामागे कंपनीचं आर्थिक नुकसान कमी व्हावं ही इच्छा मोठ्या प्रमाणात होती. भट्टी दोन वर्षं बंद राहिली, कंपनीला पन्नास लाख डॉलरांहून जास्त दंड झाला.

चंद्रपूरशी तुलना करताना मला अडवतं ते हे झाकण. तिथे एका केंद्राला, एका कारणासाठी, पंचेचाळीस-पन्नास दिवसांची सवलत मिळाली. सवलत मागणारा कोण आणि देणारा कोण हे कागदावर होतं, आणि शेवटी झाकण उघडलं गेलं. इथे सवलत पाचशेहून जास्त संचांना एका सहीनं मिळते. झाकण उघडून पोकळी दाखवावी असं काही नाही. पोकळी झालीच तर ती कुणाच्या तरी फुप्फुसात होते, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर संचाचा क्रमांक लिहायची पद्धत नाही.

आपल्याकडे अणुऊर्जेला निदान वेगळा नियामक आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ च्या नोव्हेंबरात स्थापन झालं, म्हणजे चंद्रपूरच्या पहिल्या संचाचं जुळं भावंडच. त्याच्या स्वायत्ततेवर महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये कडक ताशेरे ओढले होते, तो वेगळा विषय. कोळशाच्या बाबतीत मर्यादा घालणारं, मुदत ठरवणारं आणि मुदत वाढवणारं मंत्रालय एकच आहे, आणि देखरेख करणारं केंद्रीय मंडळही त्याच्याच हाताखाली.

शेवटचा अंक ११ जुलै २०२५ चा. या अधिसूचनेनं क वर्गातल्या केंद्रांना, म्हणजे देशातल्या साधारण ७८ टक्क्यांना, गंधकाच्या मर्यादेतूनच मोकळं केलं. अट एक: चिमणीच्या उंचीचा निकष पाळा. अ वर्गाला २०२७ च्या अखेरची मुदत कायम. ब वर्गाचा निर्णय प्रत्येक केंद्र वेगळं तपासून तज्ज्ञ समिती सुचवेल त्याप्रमाणे. तोवर देशातल्या ५३७ संचांपैकी यंत्र लागलं होतं ते चाळीसेकांना. मंत्रालयानं कारणं दिली ती अशी: आपल्या कोळशात गंधक कमी, देशातल्या हवेत सल्फर डायऑक्साइड घनमीटरमागे ३ ते २० मायक्रोग्रॅम सापडतो आणि मर्यादा ८० ची आहे, शिवाय चुनखडी वापरली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो तो वेगळा. नीरी आणि आयआयटी दिल्ली यांच्या अभ्यासांचा आधार दिला गेला.

यातलं बरंच मला पटण्यासारखं वाटतं, हे कबूल करतो. चंद्रपूरच्या माणसाला हवेबद्दल विचारा, तो गंधकाचं नाव काढणार नाही. तो गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल बोलेल, कोळशाच्या ट्रकांच्या धुळीबद्दल, राखेबद्दल. आधी ईएसपी धड चालवा, खाणीचे रस्ते झाकून न्या, मग एफजीडीचं बघू, असं कुणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. पण आपला कोळसा काही २०१५ नंतर बदललेला नाही. त्यात गंधक कमी आहे, ही गोष्ट ७ डिसेंबर २०१५ लाही इतकीच खरी होती. २०१७ मध्ये, २०२१ मध्ये, २०२२ मध्ये, अगदी डिसेंबर २०२४ मध्येही मंत्रालय केंद्रांना वेळ देत होतं. यंत्र नको असं एकदाही म्हणालं नव्हतं. जे यंत्र साडेनऊ वर्षं हवं होतं ते सहा महिन्यांत नको झालं. मधल्या काळात ज्यांनी मुकाट्यानं पैसे घालून यंत्र बसवलं त्या चाळीसेक संचांच्या मालकांना काय वाटलं असेल, हाही इतिहासाचाच भाग आहे. कायदा पाळणारा पहिला भिडू मूर्ख ठरला, की पुढच्या खेळाचे नियम सगळ्यांना न सांगता कळतात.

शिवाय मोजणी जिथे होते तिथे वायू कमी दिसतो, कारण उंच चिमणीचं कामच ते आहे. उंची वाढवून जमिनीवरचा आकडा कमी करायचा आणि मग त्याच आकड्याकडे बोट दाखवून यंत्र नको म्हणायचं, हे वर्तुळ १९८३ मध्ये सुरू झालं आणि २०२५ मध्ये त्याच जागी येऊन मिळालं.

केंद्राच्या परिसरात एव्हाना झुडपी जंगल माजलं आहे, आणि ताडोबाचे वाघ-बिबटे तिथवर येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाळी संपवून घरी निघालेल्या एका कामगाराला केंद्राच्या आवारातच वाघानं मारलं. दुसऱ्याच रात्री शेजारच्या दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाचा जीव घेतला. त्या आठवड्यात कोळसा, राख, गंधक सगळं मागे पडलं आणि मागणी एकच उरली: झुडपं तोडा, दिवे लावा, कुंपण घाला. तिथे मुदतवाढ मागायची कुणाची हिंमत झाली नाही. वाघ दिसतो.

वैनगंगेच्या पलीकडे, चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला, लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज तिथे येतं. २०२५ च्या पहिल्याच दिवशी तिथल्या स्पंज आयर्न प्रकल्पाचं उद्‌घाटन मुख्यमंत्र्यांनी केलं. १९८२ मध्ये जंगल तिकडे आणि चिमणी इकडे अशी जी वाटणी झाली होती, ती आता फक्त नकाशावर उरली आहे.

चंद्रपूर ब वर्गात आहे, त्यामुळे त्याला सरसकट माफी नाही आणि सरसकट सक्तीही नाही. यंत्र लावायचं की नाही हे दिल्लीतली समिती ठरवणार, आणि लावायचंच ठरलं तर मुदत डिसेंबर २०२८ ची. चालू संचांतला सगळ्यांत जुना, तिसरा, १९८५ चा आहे. तोवर तो त्रेचाळीस वर्षांचा झालेला असेल.